दोन्ही धरलंय

"हा गार नाहीये," खिडकीतला माणूस म्हणाला.

आता मला सांगा, एखादी मुलगी आदल्या सकाळपासून स्वतःची लघवी थेंब न् थेंब एका कॅनमध्ये गोळा करते. दिवसरात्र. कुठे जात नाही, कुणाकडे बसत नाही. मग तो कॅन कापडी पिशवीत घालून बसमध्ये मांडीवर घेऊन बसते. शेजारची बाई "तेल कुठून आणलंत हो?" असं विचारते तेव्हा "गावाहून" म्हणून तोंड फिरवते. एवढं सगळं करून ती लॅबच्या खिडकीशी पोचते, आणि हा पांढऱ्या कोटातला माणूस कॅनला दोन बोटं लावून म्हणतो, हा गार नाहीये!

"मग?" मी म्हटलं. "फुंकर घालू?"

"नाही... म्हणजे, सॅम्पल घेता येणार नाही. इथे येईपर्यंत थंड राहायला हवं."

"फ्रीजमध्येच होता! सकाळी शेवटचं घालून मी माझ्या हाताने खालच्या कप्प्यात ठेवला. कामावर गेले, दुपारी घरी आले, आईने भरून ठेवलेली पिशवी उचलली आणि सरळ इथे. चार थांबे फक्त!"

"चार थांब्यांत एवढा गरम होत नाही," तो शांतपणे म्हणाला. "हा उन्हात होता."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मी तुमच्याबद्दल बोलतच नाहीये. मी कॅनबद्दल बोलतोय."

त्या शांतपणानेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण मागच्या रांगेतले लोक दोन पावलं मागे सरकले हे आठवतं. आणि हा गृहस्थ? डोळे खाली घालून ऐकत होता. मध्येच एकदा त्याने वर बघितलं, माझ्या मानेकडे, आणि पुन्हा डोळे खाली घातले. मला आणखीच राग आला. बोलायचं सोडून बघतो काय!

मी थांबले तेव्हा त्याने नवा रिकामा कॅन पुढे सरकवला. "पुन्हा गोळा करा. आणि... एक विचारू? 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चार'... त्या तुम्हीच ना?"

"विषय बदलू नका," मी म्हटलं आणि कॅन हिसकावून घेतला.

हो, ती मीच. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. घरात मला लहानपणापासून भोंगा म्हणतात. त्या भोंग्याचा पगार मिळतो हे कळल्यावर बाबांना आठवडाभर हसू आवरत नव्हतं. मला माइक मनापासून आवडतो. माझ्या एका वाक्यावर शंभर माणसं पिशव्या उचलून उठतात, धावतात, वेळेवर घरी पोचतात. आणि तोच माइक माझ्या हातून जायची वेळ आली होती.

कारण मला झटके यायचे. तळहात खाजायला लागायचे, मानेवरून लाल चट्टे वर चढायचे, अंगभर पित्त उठायचं, पोटात कळ, घशात आवळल्यासारखं, आणि मग डोळ्यांपुढे अंधार. कधी उकाड्याने, कधी कुणाच्या अत्तराने, कधी कशानेच नाही. पहिले डॉक्टर म्हणाले, घाबरता तुम्ही. दुसरे म्हणाले, पोट साफ ठेवा. तिसरे म्हणाले, लग्न करून टाका, सगळं बरं होईल. मी विचारलं, कुणाशी, तुमच्याशी? तर त्यांनी आईला आत बोलावून सांगितलं की मुलीचा स्वभाव तापट आहे, त्याचंच हे सगळं आहे.

तापट! ज्या बाईला आपलं दुखणं चार चार वेळा सिद्ध करावं लागतं तिने काय गोड हसावं?

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी मधे एकदाही न तोडता सगळं ऐकलं. म्हणाल्या, अंगात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्यांचं काम पहाऱ्याचं. तुमच्या पेशी बहुतेक विनाकारण धोक्याची घंटा वाजवतात आणि अंगात नको ते रसायन ओततात. त्याचा माग लघवीत सापडतो, म्हणून चोवीस तासांची लघवी तपासायची. सापडलं तर औषध आहे. तोवर हे जवळ ठेवा, असं म्हणून त्यांनी मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन दिलं. मी तिथेच रडले. औषधासाठी नाही. "बहुतेक" या शब्दासाठी. तोपर्यंत कुणी मला "बहुतेक खरं असेल" एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं.

आणि इकडे स्थानकावरचे आमचे साहेब. मी केबिनमध्ये दोनदा चक्कर येऊन पडल्यावर त्यांनी फर्मान काढलं. खरोखरचा आजार आहे असं डॉक्टरचं लेखी आणा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून माइक बंद, पार्सलच्या खोलीत बसायचं. "माइकसमोर नाटकं चालणार नाहीत," हे त्यांचे शब्द. नाटकं!

तर अशी सगळी कथा असताना तो खिडकीतला बर्फाचा गोळा म्हणतो, गार नाहीये. मी घरी जाऊन चपलाही न काढता आईला सांगितलं, "त्या लॅबवाल्याची तक्रार करणार आहे मी. म्हणे कॅन उन्हात होता!"

आई भांडी पुसत होती. ती पुसतच राहिली. तेच भांडं.

"आई?"

"अगं... तुझी आत्या आली होती सकाळी."

"मग?"

"ती आली की सरळ फ्रीज उघडते, तुला ठाऊक आहे. काय सांगू तिला? लेकीचं काय ठेवलंय म्हणून? म्हणून जरा... गच्चीत ठेवला. ती जेवून गेली, मग पिशवीत भरला."

"सरबत आहे म्हणून सांगायचं होतंस!"

"आणि तिने प्यायलं असतं म्हणजे?"

मी कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. आई हळूच म्हणाली, "मला लाज वाटली गं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा माझा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा कुणावर काढायचा हे कळेना, कारण ज्याच्यावर काढून आले होते तो तर बरोबर निघाला होता.

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या खिडकीशी पुन्हा उभी राहिले. माफी मागायला. पण माफी मागायची म्हटलं की माझी जीभ जड होते.

"कॅन उन्हात होता," मी रागानेच म्हटलं.

"हं."

"आत्या आली होती."

"अच्छा," तो म्हणाला, जणू यात सगळं आलं. मग खाली वाकून त्याने एक निळा डबा काढला, मासेवाल्यांकडे असतो तसा, जाड भिंतींचा. "हा माझा स्वतःचा आहे. कॅन यात बरोबर बसतो. बर्फ भरला की घरात कुणीही येऊ दे, फ्रीजचा प्रश्नच नाही."

"सगळ्यांना देता का असे डबे?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. मी हे लक्षात ठेवलं.

मनातल्या मनात मी त्याला बर्फ म्हणायला लागले होते, ते एकदा तोंडावर निघून गेलं. तो हसला. मग त्याने मला फलाट चार म्हणायला सुरुवात केली. तो रोज संध्याकाळी चार नंबरवरून गाडी पकडायचा. पूर्वी म्हणे लागलेली पहिली गाडी पकडायचा. आता एक सोडून द्यायचा. मग दोन.

"तुमची गाडी गेली की," मी चहाच्या टपरीशी उभी राहून म्हणायची.

"घोषणा नीट ऐकू आली नाही."

"माझी घोषणा? ऐकू आली नाही?"

"म्हणजे... ऐकतच राहिलो. त्यात गाडी गेली."

असं बोलून हा माणूस चहाच्या कपात बघत बसायचा. मला हसू यायचं आणि त्याचाही राग यायचा. मेलं, पुढे काहीतरी बोलावं की नाही माणसाने!

एकदा त्याने ते इंजेक्शनचं पेन बघायला मागितलं. "वेळ आली आणि मी जवळ असलो तर? मला माहीत हवं ना." माझ्याकडे सरावाचं बिनसुईचं पेन होतं. मी ते त्याच्या हातात दिलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, दाबून धरायचं, घाई करायची नाही, रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवायचे. फलाटावरच्या बाकावर बसून त्याने स्वतःच्या मांडीवर सराव केला. तिथे पोरांना घेऊन बसलेली एक बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

"पुन्हा करा," मी म्हटलं. "दाबलंत नाही नीट."

"फार कडक मास्तरीणबाई आहात."

"जीव माझा आहे."

"म्हणूनच पुन्हा करतोय," तो म्हणाला, आणि यावेळी कपात बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मला एकदम घोषणेची वेळ झाल्याची आठवण झाली. झाली नव्हती.

दुसऱ्यांदा गोळा करायच्या दिवशी मी सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, "लघवीसाठी रजा? असा अर्ज मी आजवर पाहिला नाही." मी म्हटलं, मग बघा. त्यांनी रजा दिली नाहीच. मग मी निळा डबा घेऊन कामावर गेले आणि टेबलाखाली ठेवला. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, आणि तिथून पुढे दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी, एकही न चुकवता. दर वेळी मी पिशवी घेऊन निघाले की साहेब दारात.

"पुन्हा?"

"पुन्हा."

"कितीदा?"

"मोजायचं असेल तर तुम्ही मोजा," मी म्हटलं. माणसाला निसर्गाच्या हाकेचाही हिशोब द्यावा लागतो, आणि तोही मिशीला पीळ देणाऱ्या माणसाला!

दुपारी केबिनचा पंखा बंद पडला. मी निरोप पाठवला. पंखा दुरुस्त करायला कुणी आलं नाही, साहेब मात्र आले आणि शिस्तीवर बोलायला लागले. खिडकीची काच तापली होती. माझे तळहात खाजायला लागले. मी त्यांना म्हटलं, मला बरं वाटत नाहीये. ते म्हणाले, झालं सुरू! मी माइक ओढला, कारण गाडी लागली होती आणि लोकांना सांगायचं होतं. "प्रवाशांनी कृपया..." म्हटलं आणि तिथे घसा आवळला. कसंबसं वाक्य पुरं केलं.

खाली चार नंबरवर तो बर्फाची नवी पिशवी घेऊन उभा होता. पुढे मला म्हणाला, "तू 'कृपया'वर कधी अडत नाहीस." तो जिना चढून आला तेव्हा मी खुर्चीतून घसरले होते आणि साहेब वरून सांगत होते, "उठा, पुरे झालं." मला ते ऐकू येत होतं, हेच वाईट. उत्तर देता येत नव्हतं, हे त्याहून वाईट.

"बाजूला व्हा," बर्फ म्हणाला. त्याने मला आडवं केलं, खुर्चीवर माझे पाय ठेवले, माझ्या पर्समधून पेन काढलं. आणि या वेळी दाबलं नीट.

रुग्णवाहिका आली. मला स्ट्रेचरवरून नेत होते आणि मला एकदम आठवलं. "कॅन," मी म्हटलं. "कॅन राहिला..." तो मागे पळाला. मला वाटलं, आता हा तिकडेच राहणार आणि मी एकटी जाणार, आणि मी भयंकर घाबरले. दार लागता लागता तो आत चढला, धापा टाकत, निळा डबा कडेवर.

"आधी मला धर!" मी ओरडले. म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला.

"दोन्ही धरलंय," तो म्हणाला.

खरंच, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात माझा हात होता. डब्यातून पाणी गळून त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. दवाखाना येईपर्यंत त्याने दोन्हीतलं एकही सोडलं नाही.

आत एका नर्सने डबा उघडला, नाक मुरडलं आणि म्हणाली, हे टाकून द्या, इथे नवीन घेऊ. आणि तो, ज्याने माझं एवढं बोलणं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं, तो कडाडला. "एक थेंबही सांडायचा नाही! हिला वर्षानुवर्षं खोटं ठरवलंय लोकांनी. आता झटका आलाय, पुढचे काही तास सगळ्यात महत्त्वाचे आहेत, ते यातच जमा होणार. बर्फ कुठे मिळेल तेवढं सांगा." नर्सने मुकाट्याने बर्फ कुठे मिळेल ते सांगितलं. मी डोळे मिटून पडले होते. मला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या रागाने बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी त्याने कॅन लॅबमध्ये नेला. घेणाऱ्याने बोटं लावून बघितली. गार होता.

मग वाट बघणं आलं. रिपोर्ट यायच्या आदल्या संध्याकाळी तो चार नंबरवर आला. त्याने तिसरी गाडीही सोडली.

"उद्या तुमचा रिपोर्ट येणार," शेवटी म्हणाला.

"माहितीये."

"मी बघणार नाही. दुसऱ्याकडे सोपवलाय."

"का?"

"कारण मला आज काहीतरी विचारायचंय. उद्या विचारलं तर... तुम्हाला वाटेल, आजार निघाला म्हणून कीव आली."

पण माझ्या तोंडून वेगळंच आलं, जे कितीतरी दिवस आत अडकलं होतं. "आणि काहीच निघालं नाही तर? सगळं ठीक आहे असं आलं तर? माझा माइक जाणार. साहेब म्हणणार, बघा. आई म्हणणार, मग स्वभावच तसा. आणि तुम्ही?"

"मी बर्फ आणीन," तो म्हणाला. "पुन्हा गोळा करू."

"पुन्हा काही निघालं नाही तर?"

"पुन्हा आणीन."

"पण कशावरून? तुम्हाला कशावरून खरं वाटतं माझं?"

"पहिल्या दिवशी कॅन परत केला ना... तुम्ही खिडकीत ओरडत होतात, तेव्हा तुमच्या मानेवर चट्टे चढत होते. डोळ्यांसमोर. गरम सॅम्पलचं उत्तर कसंही येतं, सगळं ठीक आहे असंही येतं. आणि तसं आलं असतं तर तुमचं पुन्हा कुणी ऐकलं नसतं. तुमचं खोटं वाटलं असतं तर मी तो घेऊन टाकला असता. ओरडा तरी वाचला असता."

मला रडू फुटलं, फलाटावर, पोरंबाळं घेतलेल्या लोकांसमोर. ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले होते, त्यानेच पहिल्या दिवसापासून माझ्यावर विश्वास ठेवला होता. आणि हा बाबा एवढे दिवस गप्प!

"हे तेव्हाच सांगता येत नव्हतं?" मी नाक पुसत म्हटलं.

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

"बरं, मग विचार ना आता! काय विचारायचं होतं ते."

"विचारलं की."

"कधी? बर्फाचं बोललास फक्त!"

"तेच," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून घाईघाईने, "लग्न करशील माझ्याशी?"

"एवढ्या गाड्या सोडल्यास आणि आता विचारतोयस?" मी म्हटलं. "हो. करीन. आणि आता पुन्हा मला तुम्ही म्हणायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनमध्ये डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सापडलं होतं. असायला हवं त्याच्या कितीतरी पट. झटका नेमका त्या चोवीस तासांत आला आणि एक थेंबही वाया गेला नाही, म्हणून इतकं स्वच्छ उत्तर मिळालं, असं त्या म्हणाल्या. आजपासून औषध सुरू, आणि लेखी त्या स्वतः साहेबांना पाठवणार. मी आईला फोन केला. आई म्हणाली, "आत्याला मी सांगते. सगळं सांगते." साहेब संध्याकाळी येऊन दारात घुटमळले. "तब्येतीला जपा," म्हणाले. "पंख्याचं बघतो मी."

"आज बघा," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी काचेतून खाली पाहिलं. चार नंबरवर गर्दीत तो उभा होता. त्याने लांबूनच मला निळा डबा उचलून दाखवला. डब्याच्या कडेने पाणी ठिबकत होतं. रिपोर्ट काय आलाय ते त्याला अजून कुणीच सांगितलं नव्हतं. तो नवा बर्फ भरून आला होता.